ताट

शारजात, रोला चौकामागच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर
मी मशीनला कान लावून उभा असतो.
गेज नंतर जोडतो. आधी ऐकतो.
बेअरिंग घासतंय, गॅस कमी पडलाय,
कुठल्याशा पत्र्याचा एकच स्क्रू ढिला आहे.
मालक अबू राशिद म्हणतो, तुझे कान डॉक्टरचे.
मी हसतो.
हे कान कुठल्या शाळेत शिकले, ते सांगत नाही.

अमळनेरला, गिरणीच्या चाळीत, साडेसहाला
सायकल भिंतीला टेकायची.
नुसती टेकली, तर जेवण.
आदळली, तर आई रेडिओ मोठा करायची.
ज्वारी, कापूस, भुईमूग, जळगावचे दर…
शेजाऱ्यांना वाटायचं,
या घराला बाजारभावाचं फार वेड.

मी आणि कुमुद पेला ठेवायचो तो असा
की फरशीलाही कळू नये.
कडीला तेल, बिजागरीला तेल,
खोकला उशीत.

एकदाच ताट निसटलं माझ्या हातून.
नऊ वर्षांचा होतो.
डावा कोपर अजून पुरता सरळ होत नाही.
व्हिसाच्या मेडिकलला डॉक्टरनं विचारलं, हे काय?
म्हटलं, झाडावरून पडलो.
एकोणतीस वर्षं झाली, दर वेळी तेच झाड.
केवढं वाढलंय ते आता.

जुलैत नवा पोरगा आला हाताखाली, बिराज,
नेपाळचा, ओठावर नुकती मिसरूड.
त्याच्या हातून गेज पडलं, काच फुटली.
मी वळलो. नुसता वळलो हो.
आणि त्यानं कोपर वर करून डोकं झाकलं.

तो कोपर मी ओळखतो.

शेहेचाळीस डिग्रीत, पाण्याच्या टाकीच्या
वीतभर सावलीत आम्ही खाली बसलो.
माझी हिंदी मोडकी, त्याची त्याहून.
तो म्हणाला, काका.
मी म्हणालो, बाप.
बस, एवढंच. पुढचं दोघांनाही पाठ होतं.
मग लबनची एक बाटली अर्धी अर्धी प्यालो
आणि काच गोळा केली.
अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा
मी झाडाचं नाव घेतलं नव्हतं.

शुक्रवारी कुमुदचा फोन.
बापूंना आता काही आठवत नाही, म्हणाली, तू बोल.
त्यांचं अंग पुसते ती, कण्हेरी भरवते.
कसं जमतं, मी विचारत नाही.
तिच्या घरात रेडिओ नाही, एवढं मला ठाऊक आहे.
तिनं फोन त्यांच्या तोंडाशी धरला.
मी ऐकलं, सवयीनं.
झडप गळतेय. फार दिवस नाहीत.
माफ केलं म्हटलं नाही.
नाही केलं, असंही म्हटलं नाही.
हे मशीन माझ्याकडे दुरुस्तीला नाही,
एवढं कळलं, आणि खांदे
थोडे खाली आले.

खोलीत आम्ही चौघं.
मालवणचा बावतिस नेहमी म्हणतो,
नाना, तुम्ही येता कधी, जेवता कधी,
मांजर बरं तुमच्यापेक्षा.

काल रात्री भांडी घासत होतो.
स्टीलचं ताट, साबणाचा हात.
निसटलं, असं म्हणता येईल.
खरं सांगायचं तर मी बोटं सैल सोडली.

काय वाजलं ते!
फरशीवर आदळलं, कडेवर उभं राहिलं,
गरगरलं, गरगरत राहिलं,
मी भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून,
कोपर आपोआप छातीपर्यंत वर आलेला,
आणि ते एकदाचं बसलं.

आतून बावतिसचा झोपाळू आवाज:
काय झालं?

ताट पडलं, मी म्हणालो.

बरं, तो म्हणाला,
आणि कूस बदलली.